संविधानातले घर आणि भाड्याची खोली



आमच्या वस्तीतल्या गटात एक मावशी येतात. त्यांची धाकटी लेक नर्सिंग करून डब्लिनच्या एका रुग्णालयात लागली. गेल्या बैठकीत मावशींनी तिच्या खोलीचा फोटो सगळ्यांना दाखवला. दोन पलंग, मधे उभी केलेली सुटकेस, खिडकीत वाळत घातलेला गणवेश. खोलीत दोघी राहतात, घरात एकूण सात जणी, स्वयंपाकघर एक. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण भाडे, प्रवास आणि इथल्या कर्जाचा हप्ता गेला की हातात फारसे राहत नाही. मावशींनी मला सरळ विचारले, "ताई, दवाखान्याला माणसं कमी पडली म्हणून हिला नेली ना? मग ऱ्हायला जागा नको का द्यायला? तिथं सरकार नाही का?"

सरकार आहे. संसदही आहे, आणि तिथे बोललेला प्रत्येक शब्द छापून प्रसिद्ध होतो. मावशींचा प्रश्न डोक्यात ठेवून मी काही रात्री ते कामकाज वाचत बसले. एम.एस.डब्ल्यू. करताना सामाजिक धोरणाच्या पेपरला असले वाचन कंटाळवाणे वाटायचे, या वेळी वाटले नाही.

त्यांच्या खालच्या सभागृहाला 'डॉल' म्हणतात. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत 174 जागांपैकी 44 वर बायका निवडून आल्या. पक्षांनी निदान 40 टक्के उमेदवार स्त्रिया द्याव्यात, नाहीतर सरकारी निधीत कपात, असा कायदा असूनही हा आकडा. त्यानंतर सभापतिपदावर प्रथमच एक स्त्री, व्हेरोना मर्फी, आली. सभागृहाचा एक दिवस उघडून पाहावा तर सकाळी आयात-निर्यातीवर प्रश्न, दुपारी रुग्णालयांतल्या रिक्त जागा, संध्याकाळी घरांवरचे कर. प्रत्येक मंत्री आपापल्या खात्यापुरते उत्तर देतो. मावशींचा प्रश्न तिन्ही खात्यांच्या मधल्या फटीत पडतो.

आधी घराचे पाहू. 2008 च्या मंदीत आयर्लंडमधले बांधकाम कोसळले. पैसा यावा म्हणून 2013 मध्ये घरे भाड्याने देणाऱ्या गुंतवणूक कंपन्यांना करात सवलत देणारा कायदा झाला. पैसा आला, तसे मालकही आले. मे 2021 मध्ये डब्लिनजवळच्या मेनूथ गावातील नव्या वसाहतीची बहुतेक घरे एक गुंतवणूक कंपनी एकगठ्ठा घेत असल्याचे उघड झाले आणि लोक चिडले. तेव्हा सरकारने वर्षभरात दहा किंवा अधिक घरे घेणाऱ्यावर 10 टक्के मुद्रांक शुल्क लावले, पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये ते 15 टक्के केले. पण सदनिकांना त्यातून वगळले! सरकारचे म्हणणे, गुंतवणूकदार गेले तर सदनिका बांधणार कोण? मला हा युक्तिवाद अगदीच फेटाळता येत नाही. पण बागेचे घर कुटुंबाच्या खरेदीसाठी राखायचे आणि जिथे परिचारिका, एकट्या आया, नवख्या कामगार मुली भाड्याने राहतात तो मजला बाजाराला मोकळा सोडायचा, ही वाटणी सहज झालेली नाही.

2022 च्या जनगणनेत त्या छोट्या देशात 1 लाख 66 हजारांवर घरे रिकामी सापडली, सुटीतली घरे सोडून. पुढच्या वर्षी रिकाम्या घरांवर कर बसला. तो आधी स्थानिक मालमत्ता कराच्या तिप्पट होता, मग पाचपट आणि नंतर सातपट झाला. पण वर्षात तीस दिवस घर वापरले की कर लागू होत नाही. ऑक्टोबर 2025 च्या अर्थसंकल्पात नव्या सदनिकांवरचा मूल्यवर्धित कर 13.5 टक्क्यांवरून 9 वर आणला, 2030 अखेरपर्यंत. वाचलेला पैसा बांधकाम कंपनीच्या खिशात राहणार की भाड्यात उतरणार? त्याच वर्षी सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणाऱ्यांची संख्या 16 हजारांवर गेली, त्यात 5 हजारांहून अधिक मुले. कुटुंबांपैकी एकट्या पालकाची कुटुंबे फार मोठ्या प्रमाणात आहेत, आणि एकटा पालक म्हणजे बहुतेक वेळा आई, हे आपल्याला आकडेवारीवाचूनही कळते.

आता रुग्णालय. 2019 च्या सुरुवातीला तिथल्या परिचारिकांनी वीस वर्षांत पहिल्यांदा देशव्यापी संप केला. मागण्या दोनच होत्या, पगार आणि पुरेशी माणसे. मार्च 2020 मध्ये करोना आला तेव्हा डॉलमधले खासदार उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवत होते. त्याच वर्षी डिसेंबरात, वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या विद्यार्थी परिचारिकांना वेतन द्या, असा विरोधकांचा ठराव आला आणि तो पडला. त्या शिकत आहेत, असे सांगण्यात आले. (आपल्याकडे अंगणवाडी सेविका 'मानसेवी' असतात, त्याची आठवण झाली.) नोव्हेंबर 2023 मध्ये खर्च हाताबाहेर जातो म्हणून बहुतेक पदांवर नोकरभरतीबंदी आली, ती जुलै 2024 मध्ये उठली. बंदी असो वा नसो, पाळी तर चालवायचीच. मग जी हजर असते तिच्यावर दुप्पट रुग्ण येतात आणि जो रुग्ण लवकर घरी पाठवला जातो त्याला घरची बाई उठवते-बसवते.

तिथल्या मुली चांगल्या पगारासाठी ऑस्ट्रेलियाला जातात आणि त्यांच्या जागी आपल्या देशातून मुली येतात. केरळातून अधिक, आता महाराष्ट्रातूनही. 2022 च्या जनगणनेत तिथे 45 हजारांवर भारतीय नागरिक होते. परिचारिकेला कुटुंब लवकर नेता येते. पण वृद्धांचे अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनिसांसाठी 2021 पासून वेगळा, सामान्य परवाना सुरू झाला. त्यावर आलेल्या बाईला मुलांना बोलावण्यासाठी थांबावे लागले आणि उत्पन्नाची अट गाठावी लागली. तिचे काम चालते, तिचे मूल चालत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात तर डब्लिनच्या रस्त्यांवर भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. घरे नाहीत याचा राग सर्वात शेवटी आलेल्या भाडेकरूवर काढणे सोपे असते.

व्यापाराच्या चर्चेकडे बायका कमी फिरकतात. आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी सांगतात, डंकेल प्रस्तावावर शिबीर ठेवले तेव्हाही 'यात बाईचा काय संबंध' असे विचारले जाई. युरोपीय संघाचा कॅनडाशी करार आहे. त्यात परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध खास न्यायमंडळाकडे जाण्याची सोय आहे. डिसेंबर 2020 मध्ये त्यावर डॉलमध्ये 55 मिनिटे चर्चा करून मंजुरी घ्यायचे ठरले होते! ओरड झाली, मतदान पुढे ढकलले गेले. सत्ताधारी आघाडीतलेच एक खासदार पॅट्रिक कॉस्टेलो न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की कायदा बदलल्याशिवाय या कराराला मंजुरी देता येणार नाही. उद्या भाडेकरूंच्या बाजूने कायदा केला तर घरांत पैसा गुंतवणारी कंपनी भरपाई मागेल का, ही विरोधकांची भीती. मला ती अनाठायी वाटत नाही. याच देशात 1984 साली मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या दुकान-कामगार मुलीने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून आलेली फळे गल्ल्यावर घ्यायला नकार दिला होता. तिला निलंबित केले, तिच्या सहकारी, बहुतेक बायकाच, बाहेर पडल्या. जवळजवळ तीन वर्षे संप चालला आणि 1987 मध्ये आयर्लंडने तिथल्या शेतमालाची आयात बंद केली. व्यापाराचे धोरण दुकानाच्या गल्ल्यावरून बदलले होते.

आपल्यापैकी अनेकींना आयर्लंड कळले ते 2012 साली. बेळगावच्या सविता हालप्पनवार यांना गर्भ वाचणार नाही हे दिसत असताना गर्भपात नाकारला गेला आणि त्या जंतुसंसर्गाने गेल्या. 2018 च्या सार्वमताने ती घटनात्मक बंदी उठली. पण त्याच 1937 च्या संविधानात आणखी एक कलम आहे: स्त्री घरातल्या आपल्या जीवनाने राष्ट्राला आधार देते, आणि पैशाच्या गरजेपोटी आईला घरची कर्तव्ये सोडून कामाला जावे लागू नये. याच विचाराच्या जोरावर 1973 पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झाले की राजीनामा द्यावा लागे. घराची हमी मात्र त्या संविधानाने कुठल्याच आईला दिली नाही.

8 मार्च 2024 ला, आपल्याच दिवशी, हे कलम काढण्यासाठी सार्वमत झाले. कलम पडेल असे मी धरून चालले होते. जवळजवळ 74 टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. जुने विचार जिंकले, असे मला आधी वाटले. मग अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचे आणि घरी आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे म्हणणे वाचले. नव्या मजकुरात 'बाई' जाऊन 'कुटुंब' आले होते, आणि कुटुंबातल्या काळजीला आधार देण्याचा राज्य फक्त 'प्रयत्न' करणार होते. त्यांनी विचारले, माणसे नेमणार का, पैसे देणार का, की पुन्हा आमच्याच गळ्यात? तिथल्या मोठ्या स्त्री-संघटनेने 'हो'चा प्रचार केला होता. मी तिथे असते तर बहुधा 'हो' म्हटले असते, आणि शेजारच्या बाईने 'नाही' का म्हटले हे नंतर शिकले असते.

मावशींना मी हे सारे सांगितले. त्यांना संविधानाचे नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, "लेकीला सांगते, खोलीचा कागद नीट वाच."

तोच कागद आपणही वाचायला हवा. तुमच्या गटातील कुणाची मुलगी, सून, बहीण परदेशी परिचारिका किंवा मदतनीस म्हणून गेली असेल तर कळवा: एजंटाने किती पैसे घेतले, करारात राहण्याच्या जागेबद्दल काय लिहिले होते, तिथे गेल्यावर प्रत्यक्षात काय मिळाले, आणि तिची मुले सध्या कोण सांभाळते. मराठीत, हिंदीत, जमेल तसे लिहा. नावे न छापता पुढच्या अंकात ही पत्रे देऊ.