मासा, माशी आणि थर्मामीटर

मासा गळाला लावायचा, काठाशी आणायचा, डोळे भरून पाहायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, या उद्योगाला खेळ म्हणतात हे आमच्या सौभाग्यवतींना काही केल्या पटत नाही. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याचे. त्यांच्या लहानपणी खाडीवर गरवायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, तर त्याला कोणी खेळाडू म्हणत नसे; दुसरेच काहीतरी म्हणत. गेल्या जुलैत आम्ही लेकीकडे अमेरिकेत होतो. अकरा वर्षांच्या नातवाने येऊन सांगितले, "आजी, मी शेजारच्या आजोबांबरोबर ट्राउट धरायला जाणार." सौभाग्यवतींनी लगेच विचारले, "मग किती माणसांचं कालवण करू?" "कालवण नाही गं. आम्ही सोडून देतो." त्यानंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा मोठाच येत होता.

लेकीचे घर पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्लाइल गावाच्या बाजूला, कंबरलंड नावाच्या खोऱ्यात आहे. शेजारचे आजोबा आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागलो, आणि इथेही तसेच म्हणतो. उंच, किडकिडीत, बोलणे कमी. पण पोराने काही विचारले की हातातले काम टाकून उत्तर देणार. असा शेजारी मिळायला, अमेरिकेत काय किंवा सदाशिव पेठेत काय, नशीबच लागते.

मास्तरांचा छंद 'फ्लाय फिशिंग'चा, म्हणजे खोट्या माशीने मासा धरण्याचा. आपल्या गरीला गांडूळ किंवा कोळंबी असते आणि शिशाचा तुकडा असतो. त्या वजनाने दोरी लांब जाते. यांच्या गळावर फक्त पिसे, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेला किडा. त्याला वजन कसले? म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते. लवचीक काठीने ती मागे, पुढे अशी हवेत खेळवायची आणि अखेर अशी सोडायची की, टोकाला बांधलेल्या केसासारख्या पारदर्शक धाग्यावरून ती खोटी माशी पाण्यावर अलगद उतरावी. आपटली की मासा पसार. मास्तर हे करीत तेव्हा पाहत बसावेसे वाटे. नातू करी तेव्हा जरा दूर बसावेसे वाटे.

पहिला बेत ठरला तो येलो ब्रीचेस नावाच्या ओढ्यावर. शब्दशः अर्थ पिवळी विजार! नाव कसेही असो, ओढा देखणा आहे. त्या दिवशी ऊन नागपूरची आठवण करून देणारे होते, ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ३५. नातू सकाळपासून टोपी घालून बसला होता. पण मास्तरांना दवाखान्याचे काम निघाले आणि आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. मास्तरांनी काठी बाहेर काढलीच नाही. खिशातून सुतळीला बांधलेला थर्मामीटर काढला, वाहत्या पाण्यात सोडला आणि दोन मिनिटे स्वस्थ उभे राहिले. मग तो नातवाच्या हातात दिला. पारा ७२ वर, म्हणजे सेल्सिअसमध्ये २२ अंशांच्या वर होता.

"आज नाही," मास्तर म्हणाले.

पोराचा चेहरा पाहवेना. समोर पाण्यात मासे दिसत होते. तो म्हणाला, "पण आपण तर सोडूनच देणार आहोत ना?"

"सोडला की तो पोहत जातो, हे खरं," मास्तर म्हणाले. "तुझ्यासमोर पोहत जातो आणि त्या वळणापलीकडे जाऊन मरतो. तुला दिसत नाही, एवढंच."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी त्याला जे समजावले, ते मीही मागच्या बाकावरून कान देऊन ऐकले. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १० ते १६ अंश सेल्सिअसला तो खुशीत असतो. २० च्या पुढे त्याचे हाल सुरू होतात आणि पंचविशीच्या आसपास जिवावर बेतते. कारण सोपे आहे. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. बरे, माशाचे रक्त थंड. पाणी तापले की त्याच्या शरीराचा गाडा उलट जोरात चालू लागतो आणि त्याला प्राणवायू अधिक हवा असतो. म्हणजे खर्च वाढला आणि पगार कापला! मध्यमवर्गीय वाचकांना याहून अधिक समजावण्याची गरज नसावी. अशा वेळी गळाला लागून तो जिवाच्या आकांताने झुंजला की स्नायूंत आम्ल साठते, दम लागतो, आणि तो दम भरून काढायला पाण्यात हवाच पुरेशी नसते.

लोकांची एक समजूत असते की, संध्याकाळी गार वारा सुटला म्हणजे झाले. मास्तरांनी तीही खोडून काढली. दिवसभर तापलेले पाणी दुपार कलल्यावरच सर्वांत गरम असते आणि निवायला रात्र जावी लागते. उन्हाळ्यात ओढ्यावर जायचे तर पहाटे. पश्चिमेकडच्या माँटाना राज्यात तर नद्या फार तापल्या की सरकारच दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करते. पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला टेकले की बंदी, असा तिथला बऱ्याच वर्षांचा हिशेब. त्या बंदीला 'घुबडबंदी' म्हणावे असे नाव आहे. जुन्या काळी जंगलतोडीचे मजूर कडक उन्हाळ्यात ठिणगीने वणवा लागू नये म्हणून घुबड घुमत असतानाच, पहाटे, काम उरकून घेत. त्यावरून ते नाव पडले.

आता मला विचाराल, तर सोडून देण्याच्या या धर्माविषयी माझे मत थोडे तिखट आहे. खाण्यासाठी मासा धरणारा दोन मासे मिळाले की घरी जातो. सोडून देणाऱ्याला पोट नसते, त्यामुळे थांबायचे कारणही नसते. तो वीस धरील, प्रत्येकाला पाण्याबाहेर उंच धरून छायाचित्र काढील आणि वर पुण्य केल्याचे समाधान मानील. भर उन्हाळ्यात अशा पुण्यवानापेक्षा वेंगुर्ल्याचे कालवण मला अधिक प्रामाणिक वाटते. हे मी मास्तरांना बोलून दाखवले. ते रागावतील असे वाटले होते, ते म्हणाले, "म्हणून तर थर्मामीटर." पुढे एका वळणावर गाडी थांबवून त्यांनी आम्हांला एक जागा दाखवली. काठच्या खडकातून गार झरा ओढ्यात उतरत होता आणि त्याच्या तोंडाशी डझनभर ट्राउट एका रांगेत, डोके प्रवाहाकडे करून, दाटीवाटीने उभे होते. नातवाने नकळत काठीकडे हात नेला. "ते आत्ता इस्पितळात आहेत," मास्तर म्हणाले, आणि पोराने हात मागे घेतला.

ओढा तापला म्हणून आशा सोडायचे मात्र कारण नव्हते. या खोऱ्याच्या पोटात चुनखडीचा दगड आहे. पाऊस त्याच्या भेगांतून खोल मुरतो आणि बारा महिने एकाच गारव्याने वर येतो. शेजारच्याच एका गावाचे नाव बॉइलिंग स्प्रिंग्ज, म्हणजे उकळते झरे. पण तिथे हात घातला तर बोटे आखडतात. पाणी उकळत नाही, नुसते बुडबुड करीत वर येते. आमच्यासारखे दोन सोवळी माणसे उन्हाळ्यातले स्नान करायच्या हेतूने गेली तर फसायची! कार्लाइलमधून वाहणारा लेटॉर्ट हा असाच झऱ्यांचा ओढा. उगमाशी त्याचे पाणी उन्हाळ्या-हिवाळ्यात ११ अंशांच्या आसपास. रुंदी आपल्या एखाद्या कालव्याएवढी. पण मासे धरणाऱ्यांच्या जगात हे नाव आपल्याकडच्या एखाद्या तीर्थासारखे घेतात.

त्याचे कारण व्हिन्सेंट मॅरिनारो. हे गृहस्थ आणि त्यांचे मित्र चार्ल्स फॉक्स लेटॉर्टवर वर्षानुवर्षे पडून असत. लेटॉर्टची अडचण वेगळी होती. पाणी थंड, मासे खुशीत. पण उन्हाळ्यात पाणी काचेसारखे नितळ, आणि वसंतात ओढ्यातून उठणाऱ्या माश्यांचे थवे संपलेले. तरी मासे संथपणे तोंड वर करून काहीतरी टिपत असत. काय टिपतात ते काठावरून दिसेना, आणि कुठलीच खोटी माशी चालेना. अखेर मॅरिनारो काठावर चक्क पालथे पडले आणि नाक पाण्याला लावून बघत राहिले. तेव्हा दिसले की, पाण्याच्या पापुद्र्यावर चिमुकल्या मुंग्या, भुंगे आणि तुडतुडे वाहत येत आहेत. ओढ्यातले नव्हे, काठच्या गवतातले! १९५० साली 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' या पुस्तकात त्यांनी हे मांडले आणि कडक उन्हाळ्यात ट्राउट धरण्याची रीतच बदलली. एवढे मोठे शोध पोटावर पालथे पडून लागतात हे वाचून मला बरे वाटले. रविवारी दुपारी मी त्याच आसनात असतो.

आम्ही लेटॉर्टवर गेलो ते पहाटे. पाणी गार असताना पहाटेच कशाला, असे मी विचारले, तर उत्तर आले की सावली लांब असते आणि माणसे कमी. सौभाग्यवतीही शाल गुंडाळून आल्या. 'मासा सोडतात' हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. मास्तरांनी चिमट्याने गळाचे उलटे टोक दाबून बोथट केले, म्हणजे काढताना जखम होऊ नये. नातवाला ओल्या गवतात गुडघ्यांवर बसवले. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा त्याच्या शेपटीच्या बाजूने जायचे. धाग्याची निवड करताना मास्तर थोडे घुटमळले. नितळ पाण्यात धागा बारीक हवा, नाहीतर माशाला दिसतो. आणि बारीक धाग्याने मासा ओढायला वेळ लागतो, तो दमतो. त्यांनी जाड बाजूचा निवडला. "नाही लागला तर नाही लागला," म्हणाले.

चौथ्या फेकीला काळा भुंगा पाणकोशिंबिरीच्या कडेला उतरला, वाहत दोन हात आला, आणि त्याच्याखाली पाणी नुसते फुगले. मग काठी वाकली. "चटकन! खेळवत बसू नकोस!" मास्तर ओरडले, इतक्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. मासा जाळीत आला तो हातभर नसला तरी चांगला वीतभराच्या वर होता. तपकिरी अंग, त्यावर तांबडे ठिपके. हा तपकिरी ट्राउटही इथला नव्हे. १८८३ साली जर्मनीहून अंड्यांच्या रूपाने आला आणि कायमचा राहिला. आमच्या जावयांना हे ऐकून फार आपुलकी वाटली.

जाळी पाण्याबाहेर काढलीच नाही. नातवाने हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. गळ काढला. पण मासा गेला नाही. पोराच्या पालथ्या हातावर तसाच टेकून राहिला, कल्ले उघडत, मिटत. मास्तर वाकून पाहत होते, बोलत नव्हते. त्या गार पाण्यात पोराची बोटे निळी पडली. "आजोबा, तो मरणार नाही ना?" हा प्रश्न त्याने मला मराठीत विचारला, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकाएकी शेपटीचा फटकारा बसला, सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडाले आणि हात रिकामा झाला.

"गेलो एकदाचो!" सौभाग्यवती माहेरच्या बोलीत म्हणाल्या. शालीच्या टोकाने त्यांनी तोंड पुसले. नुसते पाणीच पुसले असेल.

मग थर्मासमधला चहा झाला. मास्तरांनी एक पत्र्याची चपटी डबी उघडली आणि तिच्यातली तांदळाच्या दाण्याएवढी माशी तळहातावर घेतली. मॅरिनारोंनी तेव्हा बांधलेल्या नमुन्याची, नाव 'जॅसिड'. जॅसिड म्हणजे आपला तुडतुडा. आंब्याचा मोहोर आणि कपाशीची पाने खाणारा, शेतकऱ्याच्या शिव्या खाणारा. त्याच्या पाठीवर पंखाऐवजी एकच पीस चपटे बसवले होते आणि त्यावर मेणाच्या थेंबासारखा पिवळसर ठिपका चमकत होता. ते मी ओळखले. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचे पीस! इंग्रजांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून सामन माशासाठी माश्या बांधताना या पिसांची हौस केली आणि त्यापायी आपल्याकडचे कोंबडे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला आसरा दिला. आता हौशी लोक पाळलेल्या कोंबड्यांची पिसे किंवा नकली पिसे वापरतात. मास्तरांची डबीतली माशी फार जुनी. ते ती पाण्यात टाकीत नाहीत.

नातू डोळे विस्फारून पाहत होता. म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी एक पीस आणाल?"

"नाही आणता यायचं," मी म्हणालो. "कायदा आहे."

"पण तो कोंबडा अजून आहे ना?"

"आहे. महाबळेश्वरच्या रानात पहाटे तुटक तुटक बांग देतो. डिसेंबरात पुण्याला आलास की जाऊ ऐकायला. चार वाजता उठावं लागेल मात्र."

चारला उठण्याची आता त्याला काही वाटत नव्हती. थर्मामीटर न्यायचा का, एवढेच त्याने विचारले.