वल्हं कुणाच्या हातात?

मंडळी, राग मानू नका, पण जूनमध्ये बोस्टनच्या चार्ल्स नदीवर ड्रॅगन बोट फेस्टिव्हल बघून आल्यापासून मला आपल्या गणेशोत्सवाची थोडी लाजच वाटते आहे.

१९७९ पासून इथे चाललेला हा चिनी उत्सव. मिलुओ नदीत जीव दिलेल्या छ्यू युआन या प्राचीन कवीच्या आठवणीचा. माशांनी त्याचा देह खाऊ नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला, अशी आख्यायिका. म्हणून त्या दिवशी पानात बांधून शिजवलेला भात खायचा. (आपल्या पातोळ्यांचा चुलतभाऊच!) शर्यतीआधी ड्रॅगनचे डोळे रंगवून नौकेत प्राण आणतात. प्राणप्रतिष्ठा म्हणा ना.

पण वल्हवतं कोण? एका नौकेत वीसेक जण, पुढे ढोलवाला, मागे सुकाणूवाला. गोरे, काळे, ऑफिसांचे संघ... आणि चिनी मैत्रिणीशेजारी आमची लेक!

"हिला आपल्या गणपतीला का नाही आणलंस कधी?" मी विचारलं.

"बाबा, ती तिथे करणार काय?"

मी गप्प. टिळकांनी १८९३ पासून ज्याला सार्वजनिक रूप दिलं, तो उत्सव आपण शाळेच्या बंद हॉलमध्ये नेऊन पुन्हा खाजगी केला. विमा, परवानगी, पार्किंग ही कारणं समितीत असताना मीही दिली आहेत. नदीवर परवानगी लागत नाही? लेझमीचे चार हात शिकवायला अर्धा तास पुरतो. यंदा वीस लेझमा जास्त मागवा, पाहुण्यांसाठी. पैसे मी देतो.