मिळालेल्या पेटंटची पूरक तपासणी

पेटंटचे प्रमाणपत्र हाती आले की मिळकत पक्की झाली, असा व्यापाऱ्याचा साहजिक समज असतो. अमेरिकेच्या कायद्यात तो अर्धाच खरा आहे. तेथे अर्जदाराने, त्याच्या वकिलाने आणि अर्जाच्या कामात महत्त्वाचा भाग घेणाऱ्या प्रत्येकाने, पेटंट द्यावे की नाही यावर परिणाम करणारी जी माहिती आपल्याला ठाऊक आहे ती तपासनिसापुढे ठेवलीच पाहिजे, असे बंधन आहे. फसविण्याच्या हेतूने अशी माहिती दडविली, असे न्यायालयात सिद्ध झाले तर केवळ एखादा हक्क-दावा जात नाही; सबंध पेटंट बजावणीस अपात्र ठरते. कधी त्याच कुळातील इतर पेटंटांनाही त्याची बाधा पोहोचते.

अॅबट कंपनीच्या एका पेटंटाचे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. मधुमेही रुग्ण रक्तातील साखर पाहण्यासाठी जी पट्टी वापरतात, तिच्या रचनेचे ते पेटंट. कंपनीच्याच एका जुन्या पेटंटात पट्टीवरील संरक्षक पापुद्रा ‘ऐच्छिक, पण असल्यास बरा’ अशा अर्थाचे शब्द होते. युरोपच्या पेटंट कार्यालयाला कंपनीने सांगितले की हे शब्द स्पष्ट आहेत, पापुद्रा ऐच्छिकच आहे. अमेरिकेच्या कार्यालयापुढे मात्र, जाणकार मनुष्य त्या शब्दांवरून पापुद्रा आवश्यकच समजेल, अशी भूमिका शपथपत्रासह मांडली गेली आणि युरोपातील कागद पुढे आले नाहीत. कनिष्ठ न्यायालयाने पेटंट बजावणीस अपात्र ठरविले. मे २०११ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने पूर्णपीठासमोर निर्णय देऊन अशा आरोपाची कसोटी बरीच कठोर केली : फसविण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, आणि ती माहिती पुढे आली असती तर दावा मंजूरच झाला नसता हेही दिसले पाहिजे. प्रकरण परत गेले, आणि कनिष्ठ न्यायालय २०१२ मध्ये नव्या कसोटीवरही जुन्याच निष्कर्षावर आले.

कसोटी कठोर झाली तरी भीती संपली नव्हती. प्रामाणिक विसरातून राहून गेलेला कागदही खटल्यात कपटाचा पुरावा म्हणून पुढे येई, आणि पेटंट मिळून गेल्यावर तो दोष धुऊन काढण्यास खात्रीचा मार्ग नव्हता. १६ सप्टेंबर २०११ रोजी मंजूर झालेल्या ‘अमेरिका इन्व्हेंट्स अॅक्ट’ने तो मार्ग काढला. १६ सप्टेंबर २०१२ पासून ‘पूरक तपासणी’ सुरू झाली. त्यापूर्वी मिळालेल्या पेटंटांनाही ती लागू आहे.

ही मागणी फक्त पेटंटाचा मालक करू शकतो. मालक अनेक असतील तर सर्वांनी मिळून करावी लागते. भागीदारांत वाद असेल तर येथेच घोडे अडते. प्रतिस्पर्ध्याला ती करता येत नाही, की तीत भागही घेता येत नाही. एका मागणीत माहितीच्या जास्तीत जास्त १२ बाबी देता येतात. अधिक असतील तर दुसरी मागणी करावी. कोणत्या हक्क-दाव्यांची तपासणी हवी हे सांगून प्रत्येक बाब कोणत्या दाव्याला कशी लागू पडते याचे सविस्तर विवेचन द्यावे लागते. परभाषेतील कागदाच्या संबंधित भागाचे इंग्रजी भाषांतर आणि ५० पानांहून मोठ्या दस्तऐवजाचा गोषवारा जोडावा लागतो. शुल्क दोन भागांत, पण आधीच भरायचे : सुरुवातीला ते मागणीसाठी ५,१४० आणि संभाव्य पुनर्तपासणीसाठी १६,१२० डॉलर होते, पुढे आकडे बदलत गेले. पुनर्तपासणीची गरज पडली नाही तर दुसरी रक्कम परत मिळते.

व्यापारी घराण्यांच्या दृष्टीने खरे महत्त्व निराळ्याच गोष्टीला आहे. नेहमीच्या पुनर्तपासणीचा आधार जुनी पेटंटे व छापील साहित्य एवढ्यापुरताच असतो. पूरक तपासणीत कोणतीही संबंधित माहिती देता येते. एखाद्या कारखानदाराने अर्ज करण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ आधी तोच माल विकला असेल, तर अमेरिकेत ती विक्रीच पेटंटाच्या मुळावर येते. आणि त्याचा पुरावा म्हणजे दप्तरातले एक जुने बिल. शपथपत्रातील चाचणीचा चुकीचा आकडाही येथे दुरुस्त करता येतो.

मागणी नियमानुसार दाखल झाल्यापासून तीन महिन्यांत कार्यालय प्रमाणपत्र देते. दिलेल्या माहितीतून पेटंटाच्या ग्राह्यतेविषयी ठोस नवा प्रश्न उभा राहत नसेल, तर प्रकरण तेथेच मिटते. राहत असेल, तर पुनर्तपासणीचा हुकूम होतो. तीत दावे कायम राहतील, आक्रसतील किंवा रद्दही होतील. विक्रीचे बिल खरोखरच घातक असेल तर पूरक तपासणी ते निरुपद्रवी करीत नाही. ती लपवणुकीच्या आरोपापासून वाचविते, दाव्यातील मूळ दोषापासून नव्हे. हा भेद अनेकदा नजरेतून सुटतो.

संरक्षण असे की, ज्या माहितीचा या तपासणीत विचार झाला किंवा जी दुरुस्त झाली, तिच्याविषयीच्या पूर्वीच्या वर्तनामुळे पेटंट बजावणीस अपात्र ठरत नाही. पण दोन अपवाद सारे गणित वेळेवर आणून ठेवतात. मागणीच्या तारखेपूर्वीच कोणी खटल्यात तोच आरोप तपशिलासह केला असेल, तर संरक्षण नाही. आणि मालकाने स्वतः खटला भरला, तर पूरक तपासणी व तिच्यातून निघालेली पुनर्तपासणी ही दोन्ही खटल्यापूर्वी पूर्ण झालेली असली पाहिजेत.

औषध व्यवसायात हा पेच फार तीव्र होतो. जेनेरिक औषध बनविणारी कंपनी, आणि अशांत मुंबईत मुख्यालय असलेल्या कित्येक आहेत, पेटंट अवैध असल्याची किंवा आपल्या औषधाने त्याचा भंग होत नसल्याची नोटीस मूळ कंपनीला पाठविते. त्या नोटिशीत लपवणुकीचा आरोप तपशिलाने असेल, तर त्या आरोपापुरते संरक्षण गेलेच. नसेल, तरी मूळ कंपनीला ४५ दिवसांत खटला भरावा लागतो. तसे केले तरच जेनेरिक औषधाची मंजुरी साधारणतः ३० महिने थांबते. पूरक तपासणीचे पहिले उत्तरच तीन महिन्यांनी येणार. म्हणजे नोटीस हाती पडल्यावर जागा झालेला मालक दोन्ही साधू शकत नाही. अमेरिकी पेटंट विकत घेणारे, किंवा त्यावर परवाना देऊन रक्कम गुंतविणारे, म्हणूनच व्यवहारापूर्वी जुन्या अर्जाचे सारे दप्तर चाळतात आणि विक्रेत्यालाच आधी ही तपासणी उरकून घेण्यास सांगतात.

कपट मुळात होतेच, अशी स्थिती असेल तर हा मार्ग जपून धरावा. पेटंट मिळविताना महत्त्वाची फसवणूक झाली असावी असे या प्रक्रियेत कार्यालयाच्या ध्यानी आले, तर ते प्रकरण गोपनीयतेने अॅटर्नी जनरलकडे जाते.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात अशी स्वतंत्र तरतूद नाही. कलम ८ प्रमाणे परदेशी अर्जांची माहिती द्यावी लागते आणि ती न देणे हे कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याचे एक कारण होऊ शकते. पेटंट मिळाल्यावर मालकाला कलम ५७ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण कलम ५९ च्या मर्यादेत. मूळ दाव्याची व्याप्ती वाढविता येत नाही.