रक्तात शोधलेला धर्म

‘इस्लाम हा काही वंश नव्हे, मग मुसलमानांच्या द्वेषाला वंशवाद कसं म्हणता?’ हा प्रश्न मला वाचक अधूनमधून विचारतात. वरकरणी तो बिनतोड आहे. धर्म बदलता येतो, वंश बदलता येत नाही, विषय संपला. पण सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये लाखो लोकांनी धर्म बदलून पाहिला, तरी त्यांचा विषय काही संपला नाही.

१४९२ मध्ये ग्रानाडा हे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ख्रिस्ती कॅस्टिलच्या हाती पडलं. शरणागतीच्या तहात मुसलमानांना धर्म पाळण्याची मुभा होती. दहा वर्षांत ती गुंडाळली गेली आणि कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच मार्ग उरले. बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. हे ‘मोरिस्को’. ते कागदोपत्री ख्रिस्ती झाले आणि शेजारी त्यांचे पहारेकरी झाले. डुकराचं मांस का टाळता, स्वयंपाकात चरबीऐवजी ऑलिव्हचं तेल का, एवढ्या अंघोळी कशाला, हातावर मेंदी कशी? यातलं काहीही इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयापुढे संशयाला पुरे. १५६७ मध्ये अरबी भाषा, पारंपरिक पोशाख आणि हमामखाने या सगळ्यांवर बंदी आली. शुक्रवारी घराची दारं उघडी ठेवायचा हुकूम निघाला.

फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने त्याविरुद्ध लिहिलेला अर्ज आजही वाचण्यासारखा आहे. ग्रानाडाचा पोशाख हा प्रांताचा पोशाख आहे, धर्माचा नव्हे, असं तो म्हणतो. फेझचे आणि तुर्कस्तानचे मुसलमान वेगळेच कपडे घालतात. अरबी बोलल्याने कुणी मुसलमान ठरत असेल, तर माल्टाच्या ख्रिश्चनांचं काय करायचं? अर्जाचा काही उपयोग झाला नाही. १५६८ च्या अखेरीस अल्पुहारासच्या डोंगरात बंड पेटलं. गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने नवख्रिस्तींच्या दारातल्या तुळशीवर बंदी घातली, ती १५६७ च्या बंदीच्याच जातकुळीची.

चालीरीतींबरोबर रक्तही तपासलं जाई. रक्तशुद्धीची ही अट आधी ज्यूंसाठी निघाली. टोलेडोत १४४९ मध्ये ज्यू पूर्वजांच्या ख्रिश्चनांना सरकारी पदं बंद झाली. पोप पाचव्या निकोलसने त्याचा निषेध केला, पण पायंडा पडला तो पडलाच. पुढे मुसलमान पूर्वजही त्यात आले. पद हवं तर वंशावळ दाखवा! सोयरिकीआधी कूळ तपासणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

अखेर १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवलं. यात मनापासून ख्रिस्ती झालेलेही होते. ‘डॉन किहोटे’ कादंबरीच्या दुसऱ्या भागात वेशांतर करून मायदेशी परतलेला रिकोते हा मोरिस्को भेटतो, त्याची मुलगी अशीच श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. काही इतिहासकार याला वंशवाद म्हणायला तयार नाहीत. काही लहान मुलांना मागे ठेवून ख्रिस्ती घरांत वाढवलं गेलं, याकडे ते बोट दाखवतात. आक्षेप वजनदार आहे. वंशाचं तथाकथित शास्त्र फार पुढे आलं, हेही खरं. पण माणूस काय मानतो यापेक्षा तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहण्याची रीत तोवर पक्की बसली होती.

पुढे अमेरिकेत या रीतीला कोर्टाचा शिक्का मिळाला. तिथे परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर ‘गोरा’ असण्याची अट १७९० पासून होती. पुढे तीत थोडे अपवाद झाले, इतकंच. १९४२ मध्ये मिशिगनमधल्या न्यायाधीशाने येमेनच्या अहमद हसनचा अर्ज फेटाळताना त्याच्या सावळ्या कातडीबरोबर अरबांचा मुस्लिम धर्मही मोजला. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या दुसऱ्या न्यायाधीशाने मोहम्मद मोहरिएझ या अरबाला गोरा ठरवून नागरिकत्व दिलं.

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर चौथ्याच दिवशी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. सोढी शीख होते. मारेकऱ्याने दाढी आणि पगडी पाहिली, धर्म विचारला नाही. शिखांवरच्या अशा हल्ल्यांसाठी एफबीआयच्या नोंदींत वेगळा रकाना आला तो २०१५ मध्ये.