दहा दिवसांची शिदोरी

हैदराबादच्या दिलसुखनगरात उभे राहून वर पाहिले तर आकाश थोडे आणि पाट्याच फार दिसतात. दिलसुख राम पर्शाद नावाच्या जहागीरदाराच्या शेतजमिनीचे भूखंड पडून ही वस्ती उभी राहिली, असे सांगतात. आता तेथे परीक्षार्थींचे पीक निघते. एका पाटीवर अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी, तिच्याखाली संगणकाचा वर्ग, शेजारी मुलींचे वसतिगृह आणि या सर्वांच्या जोडीला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांची निशाणे मिरवणारी व्हिसा-सल्लागाराची पाटी. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची, शिक्षकांची, लहान दुकानदारांची मुले येथे दाटीवाटीने राहून अभ्यास करतात. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी या वस्तीत लागोपाठ दोन बॉम्बस्फोट झाले, तेव्हा बळी पडलेल्यांत विद्यार्थीही होते. तरीही वर्ग पुन्हा भरले. शिक्षणावरची सामान्य माणसाची ही श्रद्धा आम्हांला आदरणीय वाटते.

परंतु या श्रद्धेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही पाहिले पाहिजे. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणून ओळखतात. अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलावयाचा आणि परवाना हाती आला की एकशे आठ घालून तो फेडावयाचा, अशी तेथली रीत. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि चीनला मागे टाकून आपण तेथे पहिल्या क्रमांकावर आलो. परदेशी शिकावयास जाण्यात गैर काही नाही. मात्र दिलसुखनगरच्या पाटीवरचा परदेश म्हणजे एक परवाना, एक कर्ज आणि एक नोकरी. तेथील माणूस त्या पाटीवर कोठेच नसतो.

म्हणूनच शाळकरी मुलांच्या अल्पमुदतीच्या परदेशभेटींचा, ज्यांना ‘विद्यार्थी-विनिमय’ म्हणतात त्यांचा, विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. आठ-दहा दिवस, फार तर तीन आठवडे. एका शाळेची मुले दुसऱ्या देशातील शाळेत जातात, तेथील मुलांच्या घरी राहतात आणि पुढे ती मुले यांच्या घरी येतात. दहा दिवसांत मूल काय शिकणार, असे एक पक्ष विचारतो आणि या साऱ्याला श्रीमंतांची हौस ठरवून मोकळा होतो. दुसरा पक्ष ‘व्यक्तिमत्त्वविकास’ असा भारदस्त शब्द उच्चारून पालकांपुढे शुल्काचा तक्ता ठेवतो. दोघांनीही प्रश्नाच्या मुळाशी हात घातलेला नाही.

देशाटनाने शहाणपण येते, हे आपल्या पूर्वजांनी मुलांकडून श्लोक घोकवून पाठ करून घेतले. आणि त्याच पूर्वजांनी समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्तही सांगितले! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग कसा पत्करावा लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या आधी सात वर्षे, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेस गेल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात पाहुण्या म्हणून राहिल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते. एका हिंदू स्त्रीला आपल्या घरात ठेवून घेताना त्या अमेरिकन कुटुंबानेही काही शिकून घेतले असेल, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. विनिमयाचे मर्म नेमके तेथे आहे. परक्याच्या उंबरठ्याच्या आत जाणे आणि परक्याला आपल्या उंबरठ्याच्या आत घेणे, या दोन्ही गोष्टी मिळून ते पूर्ण होते.

जगाने हा मार्ग हौसेने धरलेला नाही. पहिल्या महायुद्धात जखमींच्या गाड्या चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची एक संघटना होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिनेच शाळकरी मुलांना परस्परांच्या देशांत पाठवण्याचे काम अंगावर घेतले. ज्यांनी प्रेते उचलली होती, त्यांना मुलांना एकमेकांच्या घरी धाडावेसे वाटले, यात सर्व काही आले. फ्रान्स आणि जर्मनी यांनी सत्तर वर्षांत तीन मोठी युद्धे लढल्यानंतर १९६३ मध्ये करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी संयुक्त कार्यालय स्थापन केले. त्याच्या योजनांतून आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण सहभागी झाले आहेत. मुत्सद्दी तह करतात. तो टिकवण्याचे काम अशा मुलांच्या ओळखीपाळखींवर सोपवावे लागते, हे त्या दोन राष्ट्रांनी ओळखले.

आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. जपानच्या ‘साकुरा’ विज्ञान-विनिमय कार्यक्रमात भारत २०१६ पासून सहभागी झाला आणि सरकारी शाळांतील मुले थोड्या दिवसांसाठी का होईना, त्या देशात जाऊन आली. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने ‘आयुका’ या संस्थेच्या साह्याने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील पंचवीस मुलांची अमेरिकेच्या ‘नासा’ला भेट देण्यासाठी निवड केली. डोंगरकपारीतील शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला विमानात बसण्याची संधी मिळावी, ही बाब लहान नाही. मात्र शब्द काटेकोर वापरावयाचे तर हा अभ्यासदौरा झाला. विनिमय म्हणावयाचा तर तिकडच्या पंचवीस मुलांनी भोर-वेल्ह्यात येऊन पिठले-भाकरी खाल्ली पाहिजे.

आता मूळ प्रश्न. दहा दिवसांत मूल शिकते काय? देश तर ते नक्कीच शिकत नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील मुलांना पोर्तुगालच्या नद्या तोंडपाठ करावयास लावीत. त्या मुलांनी तो देश कधी पाहिला नव्हता आणि त्या नद्यांनी त्यांना पोर्तुगाल कळलाही नाही. माहिती पुस्तकात मिळते, आणि आता तर ती खिशातल्या यंत्रात मिळते. तेवढ्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. मूल जे शिकते ते लहान असते आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही तेव्हा कळत नाही.

जपानच्या शाळेत गेलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. तेथे मुले आपला वर्ग, जिना, कित्येक ठिकाणी संडासही स्वतः झाडतात, पुसतात. जेवणही आळीपाळीने एकमेकांस वाढतात. हे पाहून आलेले मूल सोमवारी आपल्या शाळेत परतते आणि तेथे झाडू कोणाच्या हाती आहे, हे त्याला प्रथमच दिसते. झाडू आधीही होता, झाडणारी बाईही होती. पण ती दिसत नव्हती. झाडण्याचे काम विशिष्ट लोकांचे, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. गांधीजींनी आश्रमात आणि साने गुरुजींनी सेवेच्या कामात आपल्याला हेच सांगितले आणि आपण मान डोलावून घरी गेलो. जे संतवचनाने झाले नाही ते परक्या मुलाच्या हातातील फडक्याने झाले, तर तो खर्च आम्ही वाया गेला असे म्हणणार नाही.

दुसरा धडा पाहुणेपणाचा. आपली मुले घरात लाडाची. ताटात नको ते पडले की आई दुसरे करून वाढते. परक्या घरात भाषा अपुरी, जेवण अनोळखी, स्नानाची वेळ निराळी. ‘मी मांस खात नाही’ हे कोणालाही न दुखवता सांगणे, समोरच्याने आपल्यासाठी घेतलेली तसदी ओळखणे, मोडक्यातोडक्या शब्दांत आभार मानणे, हे गणिताहून सोपे नाही. आणि एकदा स्वतः अडाणी, परावलंबी ठरण्याचा अनुभव घेतला की वर्गात नव्याने आलेल्या, आपली भाषा नीट न येणाऱ्या मजुराच्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा संभव असतो. संभव म्हणतो, खात्री कोणी देऊ नये.

तिसरा धडा स्वतःच्या घराचा. ‘तुमच्याकडे किती भाषा बोलतात?’ ‘देवळात जाताना पादत्राणे का काढता?’ ‘तुझ्या आजीचे लग्न कितव्या वर्षी झाले?’ असे प्रश्न परका मुलगा निरागसपणे विचारतो. गोव्याच्या मुलाला मग कोकणी आणि मराठी यांचे नाते, एकाच गावात असलेले देऊळ आणि इगर्ज, साडेचारशे वर्षांची परसत्ता आणि १९ डिसेंबर १९६१ चा दिवस, हे सारे चार वाक्यांत सांगावे लागते. सांगता येत नाही, तेव्हा आपल्याला आपलेच घर ठाऊक नाही हे त्याला उमगते. परतल्यावर ते आजीजवळ जाऊन बसले, तर सहल कामी आली.

धोकेही आहेत. दहा दिवसांत दिसते ते धुतलेले, पुसलेले. तेवढ्यावरून ‘तिकडे सगळे उत्तम, इकडे सगळे गलिच्छ’ असा निकाल देणारे मूल अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले असते. त्याहून मोठा धोका असा की, ही भेट म्हणजे परदेशी स्थायिक होण्याची पहिली पायरी, असे पालक मानू लागतील. मग शाळेची सहल आणि दिलसुखनगरची पाटी यांत अंतर उरणार नाही. यावर उपाय एकच : मुलाने जाताना प्रश्न घेऊन जावे. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि पुढे १९१६ मध्ये पुण्यास महिला विद्यापीठ उभे राहिले. पुस्तिका चाळणारे पुष्कळ असतात. कर्व्यांच्या मनात प्रश्न आधीपासून तयार होता. प्रश्न असेल तर पुस्तिकाही पुरते. नसेल तर वर्षभराचा मुक्कामही कोरडा जातो.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशी माणूस आपल्या मुलांना नवा नाही. कळंगुट-हरमलच्या वाळूवर तो रोज दिसतो. पण दिसतो तो गिऱ्हाईक म्हणून. त्याला खोली भाड्याने द्यावयाची, दुचाकी द्यावयाची, मासळीचे ताट दुप्पट दराने द्यावयाचे आणि पाठीमागे त्याच्या कपड्यांवरून हसावयाचे, एवढाच संबंध. लाखो पाहुणे येऊनही घरी पाहुणा असा येतच नाही. तोच परदेशी जर चौदा वर्षांचा मुलगा होऊन आपल्या ओसरीवर आला, चवथीच्या माटोळीखाली बसला, तर देणाऱ्या-घेणाऱ्यांचे नाते पार बदलेल. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्या शाळेची परक्या मुलांना ठेवून घेण्याची तयारी नाही, तिने आपल्या सहलीस ‘विनिमय’ हे नाव देऊ नये. सहल कंपनीने नेलेली, मनोरंजन-उद्यानात छायाचित्रे काढून संपलेली सफर ही सफरच राहते.

निवडीचा प्रश्नही तितकाच गंभीर. पैसे भरील तो जाईल, हा नियम ठेवला तर ज्याने जग आधीच पाहिले आहे त्यालाच ते पुन्हा दाखवल्यासारखे होईल. केवळ गुणांवर निवडले तर शिकवणीवर्गांना आणखी एक परीक्षा मिळेल. शाळेने पात्र मुलांतून चिठ्ठ्या टाकून निवड करावी, निम्म्या जागांचा खर्च शासनाने वा गावातील सधन मंडळींनी उचलावा आणि परतलेल्या प्रत्येक मुलाने गावच्या वाचनालयात उभे राहून आपण काय पाहिले ते मराठीत सांगावे. एकाने आणलेली शिदोरी शंभरांत वाटली गेली पाहिजे.

आणि परदेशच हवा असे तरी कोठे आहे? नवोदय विद्यालयांत नववीच्या मुलांपैकी काहींनी वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील शाळेत राहावे, अशी व्यवस्था आहे. त्या मुलांइतका भारत पुष्कळ मंत्र्यांनाही ठाऊक नसेल. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत गोव्याची जोडी झारखंडाशी लावलेली आहे. ती समारंभातील नृत्यापुरती न राहता घराघरांत गेली पाहिजे. हैदराबाद तर आपल्याला त्याहून जवळचे. सिकंदराबाद-वास्को गाडी २०२४ मध्ये सुरू झाली. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये आणि गोवा १९६१ मध्ये, अशा या दोन्ही भूमी स्वतंत्र भारतात उशिरा आणि सैन्य गेल्यावर सामील झाल्या; दोन्हीकडे लोकांनी त्यासाठी तुरुंग भोगले. पेडण्याच्या मुलाने दिलसुखनगरातील एखाद्या घरी दहा दिवस राहावे, तेलुगू आणि दखनी कानांवर घ्यावी, काचीगुड्याकडची मराठी ऐकावी. आणि त्या घरच्या मुलाने पेडण्यास येऊन शेत, समुद्र आणि दशावतार पाहावा. ज्याला शेजाऱ्याच्या घरी नीट पाहुणा होता येते, त्याला टोकियोतही होता येईल.

परीक्षा, परवाना आणि नोकरी यांच्या चाकोरीत मुलांना लोटण्याची घाई आपण सर्वच करीत आहोत. त्या चाकोरीत पाऊल पडण्याआधी, तेराव्या-चौदाव्या वर्षी, ज्या माणसाकडून काहीही मिळवावयाचे नाही अशा माणसाच्या घरी जाऊन त्याच्या ताटाशेजारी बसण्याची संधी प्रत्येक मुलाला एकदा तरी मिळावी. पुढे ते अमेरिकेस जावो की आपल्या गावी मास्तर होवो, दहा दिवसांची ही शिदोरी त्यास जन्मभर पुरेल. ती बांधून देणे हे शाळेचे, शासनाचे आणि आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.