‘ओव्हर’ कोणाला द्यायची?

उधन्याच्या आमच्या गल्लीत एक निवृत्त जमादार राहतात. मूळचे धुळ्याकडचे, ऐन तारुण्यात सुरतेला आले आणि गुजरात पोलिसांत लागले. संध्याकाळी ओट्यावर बसले की जगाचा निकाल लावल्याशिवाय उठत नाहीत. परवा महिला पोलिसांचा विषय निघाला. काका म्हणाले, ‘‘आम्ही तीन-तीन दिवस बूट काढले नाहीत. आता बाया भरती झाल्या, तर महाराष्ट्रात म्हणे त्यांना आठ तासांची ड्युटी. अंगावर खाकी चढवली ना? मग सवलत कसली मागता?’’

हा पूर्वपक्ष एकट्या काकांचा नाही. ठाण्यातले पुरुष सहकारी तो दबक्या आवाजात मांडतात, चहाच्या टपरीवरचे मोठ्याने. काकांनी ते दिवस अंगावर काढलेत, म्हणून त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. उलट निम्मं मान्य करतो: सवलत नकोच. पण आठ तासांना सवलत हे नाव दिलं कोणी, ते आधी पाहू.

मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची, आणि ती उचलून धरली तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी. त्या पाळ्या स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी होत्या, त्यामुळे त्यांना सगळे ‘सुधारणा’ म्हणाले. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी राज्यातल्या महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठवर आणली, आणि तेच आठ तास रातोरात ‘सवलत’ झाले. घड्याळ तेच, काटे तेच.

यात आदेश काढणाऱ्यांचाही दोष आहे. बाईला घर असतं, मुलं असतात, दोन्हीकडची कसरत असते, म्हणून तास कमी, असं कारण पुढे केलं गेलं. कारण खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्याने काकांच्या हातात आयतं कोलीत दिलं. घरच्या जबाबदारीसाठी तास कमी करायचे तर पुरुषाला घर नसतं का? शिवाय निकड असेल किंवा सणासुदीचे दिवस असतील तर वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढवायची मुभा ठेवलेली. निकड नाही असा आठवडा पोलिसांच्या दिनदर्शिकेत मला कोणी दाखवावा.

खरं कारण दुसरीकडे सापडतं, आणि ते सापडतं दवाखान्यात.

दोन वर्षांपूर्वी गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री घरच्या एका आजाऱ्याला घेऊन मी सुरतेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात बसलो होतो. रुग्णालयाचं नाव महत्त्वाचं नाही. समोरच्या बाकावर एक महिला पोलीस आणि तिच्या शेजारी चेहऱ्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी. वैद्यकीय तपासणीसाठी थांबलेल्या. पोलीसबाईंच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, बुटांच्या नाड्या सैल केलेल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने मुलीला पाजलं, स्वतः घेतलं नाही. लिंबायतची निघाली, मराठी बोलणारी. म्हणाली, ‘‘कालपासून बंदोबस्ताला होते, दादा. पाणी प्यायलं की जायचं कुठे? सवयच मोडली पाण्याची.’’ विसर्जनाच्या बंदोबस्तावरून घरी जाऊन जेमतेम आंघोळ झाली आणि ठाण्यातून फोन आला: केस आहे, बाई पाहिजे.

तेवढ्यात सिस्टरांची पाळी बदलली. जाणारी सिस्टर येणारीला घेऊन खाटेखाटेपाशी थांबत होती. याला ताप किती, त्याचं सलाईन कधी संपेल, कोपऱ्यातल्या आजीला कुठलं इंजेक्शन चालत नाही. याला त्या ‘ओव्हर देणं’ म्हणतात. वीस मिनिटांत ओव्हर देऊन ती पर्स उचलून गेली. बाकावरच्या बाईंनी हे सगळं पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘‘आमची ओव्हर घेणारं कोणी नसतं.’’

त्या रात्रीपासून मी रुग्णसेवेवरचं संशोधन मिळेल तसं वाचत गेलो. तिथे परिचारिकेच्या दमण्याची मोजदाद तिच्यावर दया म्हणून होत नाही, रोग्यासाठी होते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला: एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जास्त आला की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. दोन वर्षांनी ॲन रॉजर्स यांनी ३९३ परिचारिकांना रोजची वही ठेवायला सांगितली. किती वाजता आलात, किती वाजता सुटलात, काय चुकलं. साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट निघाली. म्हणजे दमते सिस्टर आणि भोगतो खाटेवरचा माणूस. हे एकदा आकड्यांत आल्यावर विश्रांती ही रोगी सुरक्षित राहण्याची अट ठरली, कोणाची मेहेरबानी उरली नाही.

यावर काकांचा प्रश्न तयारच होता: दवाखाना वेगळा, पोलीस ठाणं वेगळं, आमच्या चुकीने कोण मरतं?

काका, ठाण्यातली चूक लगेच मारत नाही, एवढाच फरक. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झापड असताना लिहिलेल्या जबाबात वेळ चुकते, ‘ओढलं’चं ‘बोलावलं’ होतं, एक नाव गळतं. तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. चार वर्षांनी उलटतपासणीत बचावाचा वकील तेवढाच कागद वर धरतो. चार्टवरची चूक सकाळच्या राउंडला डॉक्टर पकडू शकतो, जबाबातली चूक कोर्टच पकडतं, आणि तोवर मुलीच्या हातात काही उरलेलं नसतं. पोलिसांच्या झोपेचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या जवळपास ५,००० पोलिसांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४० टक्क्यांना झोपेचा कुठला ना कुठला विकार असण्याची लक्षणं आढळली, आणि अशांचा नागरिकांवर राग अनावर होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आपल्याकडे पोलीस संशोधन व विकास विभागाने २०१४ मध्ये देशभरच्या ठाण्यांचा अहवाल काढला: सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून जास्त राबतात, आणि जवळजवळ तीन चतुर्थांशांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. हा आकडा स्त्री-पुरुष दोघांचा आहे. काकांच्या न काढलेल्या बुटांचाही.

मग बाईचा प्रश्न वेगळा काढायचा कशाला? कायद्याने तो आधीच वेगळा काढला आहे. शीला बर्से या पत्रकार मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८३ च्या त्या निकालाने स्त्री संशयिताची चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच करायला सांगितली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांचा जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, तोही गणवेशात नव्हे, असं ठरवलं. फौजदारी कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. रात्री स्त्रीला अटक करायची तर महिला अधिकारी लागते, आणि दंडाधिकाऱ्याची परवानगीही. गुजरातमध्ये १८१ अभयम या महिला हेल्पलाइनच्या गाडीत समुपदेशकासोबत महिला शिपाई असते. प्रत्येक तरतूद योग्यच. पण दर वेळी कायद्याने ‘बाई पाहिजे’ म्हटलं, आणि देशाच्या पोलीस दलात बाया आहेत शंभरात बाराच्या आसपास. गुजरातने २०१४ मध्ये पोलीस भरतीत ३३ टक्के आरक्षण जाहीर केलं, त्याआधी महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणात सरकारी नोकरीत ३० टक्के ठेवलं. भरती झालेल्या मुली ठाण्यात पोहोचेपर्यंत काम त्यांच्या पुढे धावतं. पुरुष शिपाई आजारी पडला तर दुसरा मिळतो. ठाण्यातली एकुलती बाई दमली तर ती दमलेलीच येते. म्हणून त्या रात्री फोन तिलाच गेला.

सुरतेत आणखी एक आक्षेप हमखास येतो. हे शहरच बारा तासांचं. लूमच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात, ओडिशाच्या गंजामहून आलेला कारागीर सुटतो तेव्हा त्याच्या खाटेवरून दुसरा उठून कामाला जातो. मग पोलिसांचेच लाड का? हा युक्तिवाद ऐकला की मला हसावं की रडावं कळत नाही. एकाच्या पाठीवर वळ आहेत म्हणून दुसऱ्याच्या पाठीवर मलम नको? लूमवर दमलेला कारागीर बोट गमावतो तेव्हा त्याची फिर्याद लिहिणारी तरी जागी असू दे.

याहून मला राग येतो तो कौतुक करणाऱ्यांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये झाशीच्या कोतवालीत टेबलावर सहा महिन्यांचं बाळ झोपवून काम करणाऱ्या महिला शिपायाचा फोटो देशभर फिरला. सलाम झाले, ‘नवदुर्गा’ झाली. नंतर तिची बदली घराजवळ झाली, ते बरंच झालं. पण पाळणाघर का नाही, हा प्रश्न सलामाच्या गर्दीत चेंगरला. स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडियाच्या २०१९ च्या अहवालात पाचातल्या एका महिला पोलिसाने सांगितलं होतं की तिच्या कामाच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळं शौचालय नाही. नवरात्रात आरती ओवाळून घेणाऱ्या दुर्गेला पाणी प्यायची चोरी!

आता माझा स्वतःचा पक्ष मांडतो, आणि त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावाही लपवत नाही. अमेरिकेत निवासी डॉक्टरांचे तास कमी केले तेव्हा रोगी आपोआप सुरक्षित होतील अशी आशा होती. शल्यविभागांतल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला: तासांचे नियम सैल ठेवले काय, कडक ठेवले काय, रोग्यांच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. नुसते तास कापले की ओव्हर वाढतात, आणि ओव्हर देताना माहिती गळते. याच्या बरोबरीने २०१४ चा एक अभ्यास वाचावा लागतो. नऊ रुग्णालयांनी ओव्हर देण्याची ठरावीक पद्धत बसवली, काय सांगायचं, कुठल्या क्रमाने, ऐकणाऱ्याने परत काय म्हणून दाखवायचं, आणि वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. आठ या आकड्यात जादू नाही. डेट्रॉइट आणि आर्लिंग्टनच्या पोलिसांवरच्या प्रयोगात तर दहा तासांची पाळी आठापेक्षा झोपेला बरी ठरली. म्हणून माझा हट्ट आकड्यावर नाही, ओव्हर घेणाऱ्या माणसावर आहे. आणि माणूस आदेशाने उगवत नाही. पोलीस संशोधन व विकास विभागाच्या त्याच अहवालाने हिशेब दिला होता की आठ तासांच्या पाळ्यांसाठी ठाण्यांतलं बळ सुमारे ६८ टक्क्यांनी वाढवावं लागेल. ते न करता महिलांचे तास कापणं म्हणजे बाईचं ओझं शेजारच्या पुरुषाच्या खांद्यावर टाकून दोघांत भांडण लावणं. काकांची कुरबुर तिथून सुरू होते.

हे मागायचं कोणी? परिचारिकांच्या संघटना आहेत, त्या संपावर जातात. पोलिसांवर संघटना करायला १९६६ च्या कायद्याने बंधन आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांचा उद्रेक झाला आणि त्यांची संघटना गेली. गुजरातमध्ये २०२१ साली ग्रेड पेसाठी आवाज उठला तेव्हा पोलिसांच्या घरची माणसं रस्त्यावर बसली. म्हणजे बोलायचं काम आपल्याकडे, ज्यांचे जबाब लिहिले जातात त्यांच्याकडे येतं.

वाट दाखवणारं उदाहरण मुंबईत आहे. सेहत या संस्थेने महापालिकेसोबत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मार खाल्लेली बाई आधी दवाखान्यात येते, ठाण्यात नंतर, हे ओळखून त्यांनी रुग्णालयातच तिचं ऐकायला माणूस बसवला आणि काय घडतं याच्या नोंदी ठेवत अभ्यास केला. सुरतेत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नर्सिंग शिकणाऱ्या मुली आहेत, पोलीस आयुक्तालय आहे. रॉजर्सबाईंसारखी एक वही पुरते.

तेव्हा आयुक्तांना आणि दोन्ही राज्यांच्या गृहखात्यांना एकच विनंती. जबाबाच्या कागदावर लिहून घेणाऱ्याचं नाव असतं, हुद्दा असतो, बक्कल नंबर असतो. त्याच्याशेजारी आणखी एक रकाना छापा: ड्युटी किती वाजता सुरू झाली. स्त्री असो की पुरुष, प्रत्येकाने भरायचा. आणि सहा महिन्यांनी ते कागद कोणालातरी मोजू द्या.