दीड लाख किलोमीटर धावलेली हायब्रिड कार घ्यावी का? गोंदियातल्या ग्राहकांनी काय तपासावं?

२०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर भारतात आल्या. त्यानंतर आली इनोव्हा हायक्रॉस. यातल्या सुरुवातीच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात दिसू लागल्या आहेत. काहींच्या मीटरवर लाख-दीड लाख किलोमीटर आहेत. गाडी चकाचक, किंमत आवाक्यात. पण "बॅटरी गेली तर?" या प्रश्नावर सौदा अडतो.

किलोमीटर जास्त म्हणजे बॅटरी संपली का?

तसं नाही. मोबाईलची बॅटरी आपण शंभर टक्के भरतो आणि पार रिकामी करतो. हायब्रिडची संगणकप्रणाली मात्र बॅटरी कधीच पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही. मधल्या पट्ट्यातच ठेवल्यामुळे तिचं आयुष्य वाढतं.

याचा अनुभव जगाकडे जुना आहे. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ साली आली. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २०११ मध्ये ३ लाख ३० हजार किलोमीटरहून जास्त चाललेली २००२ ची प्रियस तपासली. जवळपास नव्या असलेल्या तशाच गाडीच्या तुलनेत तिच्या मायलेजमध्ये नगण्य फरक आढळला.

टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा क्लच, वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो. झिजणारे भाग तेवढे कमी. वेग कमी करताना मोटरही गाडीला रोखते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त टिकतात.

मग बिघडतं काय?

बॅटरीचे खरे शत्रू म्हणजे उष्णता, धूळ आणि वय. गोंदियात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी पंखा असतो आणि तो गाडीच्या आतली हवा ओढतो. राईस मिलच्या परिसरातला कोंडा, कच्च्या रस्त्यांची धूळ हवेच्या जाळीत अडकली की बॅटरी तापते. जाळीसमोर सामान ठेवलं तरी तेच होतं. ही जाळी साफ करणं हे स्वस्तातलं काम, पण नेमकं तेच विसरलं जातं.

दुसरा नाजूक भाग इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यात विजेचं रूपांतर करणारं यंत्र. त्यातल्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे टोयोटाने २०१४ मध्ये जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या. शिवाय हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती उतरते आणि मालकाला वाटतं, मोठी बॅटरीच गेली.

वॉरंटीचं गणित

या कंपन्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यापैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देतात. जाहिरातीत '८ वर्षं' लक्षात राहतं. टॅक्सीसाठी किलोमीटरची अट महत्त्वाची.

गोंदिया ते नागपूर जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला ४६ हजारांहून जास्त. म्हणजे वॉरंटी आठ वर्षं नाही, साडेतीन वर्षांच्या आतच संपते. अशी गाडी विकायला येते तेव्हा तिची बॅटरी ठणठणीत असू शकते, पण पुढची सगळी जोखीम नव्या मालकाची असते.

घेण्याआधी काय पाहावं?

- गाडी खरोखर 'स्ट्राँग हायब्रिड' आहे का? जुन्या सियाझ, अर्टिगावरचं 'स्मार्ट हायब्रिड' म्हणजे माइल्ड हायब्रिड. ती नुसत्या विजेवर धावत नाही.
- कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला पूर्ण इतिहास मागावा आणि बॅटरीची तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा.
- बॅटरी बदलण्याचा खर्च सौद्याआधीच लेखी विचारावा आणि किंमत ठरवताना तो धरावा.
- वैनगंगा किंवा बाघ नदीच्या पुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी टाळावी. नारिंगी रंगाच्या वायरींत उच्च दाबाची वीज असते. प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकने त्यांना हात लावू नये.
- रोजचा प्रवास कसा आहे ते पाहावं. हायब्रिडचा मोठा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत होतो. हायवेवर एकसारख्या वेगात तो कमी होतो. हायरायडरचा २७.९७ किमी प्रतिलिटर हा आकडा चाचणीतला आहे.

थोडक्यात

जास्त चाललेली हायब्रिड म्हणजे बाद गाडी नव्हे. नियमित सर्व्हिसिंग झालेली दीड लाख किलोमीटरची गाडी, उन्हात धूळ खात पडलेल्या ६० हजारांच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते. मात्र वॉरंटी संपलेली असेल, तर ती जोखीम विक्रेत्याने किमतीत कमी करून द्यायला हवी. तो तयार नसेल, तर सौदा सोडलेला बरा.